नवीन माणसाचा मरीन टॅंक माशांनी खचाखच भरलाय, त्याला सांगायचं काय आणि करायचं काय

मागच्या मे महिन्यात पहाटे साडेपाचला भाच्याचा फोन आला, "मामा, सगळे मासे वर येऊन तोंड उघडमीट करतायत, लवकर सांग काय करू." त्याला फोनवरच दोन गोष्टी करायला सांगितल्या आणि मी निघालो, डोंबिवलीला पोचेपर्यंत सात वाजले. तीन फुटी मरीन टॅंक, म्हणजे समुद्राच्या खाऱ्या पाण्याचा, चालू करून दोन महिने झालेले आणि आत अकरा मासे. तीन निमो, दोन डॉमिनो डॅमसेल, दोन निळे डॅमसेल, एक डोरी, एक बॅटफिश, एक मॅंडरिन आणि एक एम्परर एंजलचं पिल्लू. फिल्टरचं पाणी जिथे पडतं तिथे सगळे एका जागी गोळा झालेले, एरवी एकमेकांचे पंख कुरतडणारे दोन डॉमिनो सुद्धा भांडण विसरून शेजारी शेजारी उभे होते. मोठ्या निमोच्या कल्ल्याचं झाकण इतकं भरभर हलत होतं की मला मोजता येईना. ताई मागे चहा घेऊन उभी, म्हणाली अरे एवढे पैसे घातलेत त्याने, एक तरी वाचेल ना.

अकरातले दहा वाचले. जो गेला त्याच्याबद्दल पुढे सांगतो. हे सगळं लिहायचं कारण असं की हा प्रकार मी गेल्या काही वर्षांत निदान दहा बारा घरांत बघितलाय आणि प्रत्येक ठिकाणी माणूस मनापासून मासे सांभाळत होता, त्याला कोणी नीट सांगितलंच नव्हतं एवढंच. तर ज्यांचा टॅंक भरलाय त्यांच्यासाठी पण आहे हे आणि ज्यांना असे फोन येतात त्यांच्यासाठी त्याहून जास्त आहे.

पहाटेचा फोन आला तर आधी हे

मासे वर आलेत म्हणजे ऑक्सिजन कमी पडतोय किंवा अमोनियाने (माशांच्या घाणीतून होणारं विष) कल्ले भाजलेत, बरेचदा दोन्ही. पहाटे हे जास्त दिसतं कारण रात्रभर दिवे बंद असतात, शेवाळ सुद्धा ऑक्सिजन बनवायचं थांबवून उलट वापरत असतं, त्यामुळे उजाडायच्या आधी पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात खाली असतो. म्हणून फोनवर पहिली गोष्ट सांगायची ती ही की वेव्हमेकर (पाणी हलवणारा छोटा पंप) वर पाण्याच्या पृष्ठभागाकडे वळव, पाणी खळखळ हललं पाहिजे, एअर पंप असेल तर तो पण टाक, झाकण काढून जाळी ठेव आणि टेबलफॅन पाण्यावर सोड. दुसरी गोष्ट, आज आणि उद्या खायला काहीही घालायचं नाही. निरोगी मासा दोन दिवस उपाशी राहिला तर काही बिघडत नाही पण घातलेलं खाणं कुजलं तर बिघडतं.

मग पाणी बदलायचं, २५ ते ३० टक्के, पण तयार करून. एका लिटर आरओ पाण्याला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे मरीन सॉल्ट मिक्स, किचनमधलं मीठ चालत नाही. ते नीट विरघळून, तापमान जुळवून मगच आत घालायचं, घाईघाईत अर्धवट विरघळलेलं मीठ टॅंकमधे ओतलं तर आधीच भाजलेल्या कल्ल्यांवर ते आणखी चुरचुरतं. अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर जवळ असेल तर ते घाला. फिल्टरचा स्पंज किंवा सिरॅमिक रिंग नळाखाली अजिबात धुवू नका, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने अमोनिया संपवणारे उरलेसुरले बॅक्टेरिया मरतात आणि मग संध्याकाळी परत तेच. औषध पण टाकू नका. घाबरलेला माणूस हमखास दुकानातून निळी नाहीतर हिरवी बाटली आणून ओततो आणि काय आजार आहे हे कोणालाच माहीत नसतं.

भाच्याकडे टेस्ट केली तर अमोनिया ०.५ पीपीएम (दहा लाखात किती भाग), नायट्राइट १, नायट्रेट ८० च्या आसपास. बॅक्टेरिया अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन आकडे शून्य हवेत, थोडे कमी जास्त वगैरे नाही, शून्य. आणि सॅलिनिटी (खारटपणा) १.०२९ निघाली, हवी १.०२५ ते १.०२६. हे कसं झालं विचारलं तर म्हणाला पाणी कमी झालं की मी मिठाचं पाणी घालतो. ही चूक फार जण करतात. पाणी वाफ होऊन उडतं, मीठ तिथेच राहतं, म्हणून रोजची भर ही साध्या आरओ पाण्याची घालायची आणि मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. खारट पाण्यात ऑक्सिजन आणखी कमी मावतो. त्यात मे महिना, टॅंकचं तापमान ३०. सगळं एकावर एक साचत गेलं होतं.

समुद्राच्या पाण्याला गोड्या पाण्याचा हिशोब लागू होत नाही

बहुतेक जण गोल्डफिश, गप्पी, मॉली करत करत मरीनकडे येतात आणि तिथला अंदाज सोबत घेऊन येतात. तिथे एवढ्या टॅंकमधे वीस मासे छान राहत होते की, मग इथे अकरा जास्त कसे? तर कारणं आहेत, आणि ती नवीन माणसाला समजावून सांगितली ना की त्याला पटतं, नुसतं "जास्त आहेत" म्हणून पटत नाही.

एक म्हणजे त्याच तापमानाला समुद्राच्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा साधारण २० टक्के ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि पाणी तापलं की अजून कमी. दुसरं अमोनियाचं. गोड्या पाण्याचा पीएच ७ च्या आसपास असतो, मरीनचा ८.१ ते ८.४, आणि पीएच वर गेला की त्याच अमोनियाचा विषारी भाग वाढतो, ७ आणि ८.२ यांत दहापटीहून जास्त फरक पडतो. म्हणजे टेस्ट किटवर जो रंग गोड्या पाण्यात बघून तुम्ही "थोडासा आहे" म्हणाला असतात तोच रंग इथे मासे मारतो. तिसरं, प्रवाळाच्या खडकांत राहणारे बरेच मासे आपली हद्द राखून असतात. त्या हद्दीत दुसरा आला तर तो मरेपर्यंत किंवा टॅंकबाहेर उडी मारेपर्यंत हाणामारी चालते, समुद्रात पळून जायला जागा असते, इथे काच असते.

आणि लांबी बघून मासा मोजू नका. पाच सेंटीमीटरचा मासा दहाचा झाला म्हणजे दुप्पट झाला असं डोळ्याला दिसतं पण तो उंचीला आणि जाडीला पण वाढलेला असतो, वजन साधारण आठपट होतं. खाणं, घाण आणि ऑक्सिजन त्या वजनाच्या मागे जातात. इंचाला एक गॅलन हा जो नियम अजून सांगतात तो छोट्या सडपातळ गोड्या पाण्यातल्या माशांसाठी जेमतेम ठीक, मरीनला तो लावू नका.

पाणी किती आहे ते मोजा, टॅंकवर लिहिलंय ते धरू नका. फुटात लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करायचं आणि २८.३ ने गुणायचं, लिटर येतात. भाच्याचा तीन बाय दीड बाय दीड, म्हणजे १९० लिटर. पण त्यात खडक आहेत, वाळू आहे, पाणी वर काठापर्यंत नसतं, तर खरं पाणी १५० लिटर धरा. दोन बाय एक बाय एकचा टॅंक म्हणजे कागदावर ५६ आणि प्रत्यक्षात ४०-४५ लिटर.

माझ्या मते १५० लिटरमधे नवीन माणसाने पाच छोटे मासे ठेवावेत, त्याच्या वर नाही. निमोची एक जोडी, एक फायरफिश, एक वॉचमन गोबी, एक बंगाई कार्डिनल, सोबत क्लीनर श्रिंप, काही टर्बो स्नेल आणि हर्मिट खेकडे. एवढ्यात टॅंक भरलेला दिसतो, प्रत्येक मासा वेगळ्या उंचीवर राहतो, गोबी तळाला, फायरफिश बिळाच्या तोंडाशी, निमो मधे. चाळीस लिटरमधे मी कोणाला मासे घ्यायला सांगत नाही, अगदीच हट्ट असेल तर एखादी छोटी गोबी आणि श्रिंप. दोन फुटी पण दीड रुंद दीड उंच असेल, म्हणजे खरं पाणी शंभर लिटर, तर निमोची जोडी आणि एक गोबी, बास. चार बाय दोन बाय दोन असेल तर सात आठ छोटे मासे आरामात राहतात.

आणि हे पाच एका दिवसात आणायचे नाहीत हो. आधी टॅंक सायकल होऊ दे, म्हणजे अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया आत पुरेसे वाढू दे, चार ते सहा आठवडे लागतात. झाली का नाही ते ओळखायचं असं, टॅंकमधे मासा नसताना २ पीपीएम अमोनिया घालायचा, २४ तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइट पण शून्य आला तर झाली. मग पहिला मासा नाहीतर जोडी, मग तीन चार आठवडे काहीही आणायचं नाही. बॅक्टेरिया जेवढी घाण रोज मिळते तेवढेच वाढतात, अचानक दुप्पट घाण आली तर त्यांना दुप्पट व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ मासे विषात काढतात. डॅमसेल टाकून सायकल करा असं अजून काही दुकानांत सांगतात, ते ऐकू नका. एक तर त्या माशाचे हाल, आणि वाचला तर तो टॅंकचा मालक होऊन बसतो, नंतर येणाऱ्या प्रत्येकाला मारतो.

पिल्लू बघून घेतलेला मासा

दुकानातला बॅटफिश तीन इंचाचा असतो, नारिंगी काठाचं वाळलेलं पान पाण्यात तरंगावं तसा दिसतो, कोणालाही आवडेल. तो फुटाहून मोठा होतो. एम्परर एंजलचं पिल्लू निळं, त्यावर पांढरी वर्तुळं, मोठा झाला की पिवळ्या निळ्या पट्ट्यांचा आणि ४० सेंटीमीटर. पॅंथर ग्रुपर पांढऱ्यावर काळे ठिपके, छोटा असताना नाचल्यासारखा पोहतो, पुढे दोन फुटांचा होतो आणि तोंडात मावेल त्याला गिळतो. डोरी म्हणजे ब्लू टॅंग ३० सेंटीमीटरपर्यंत जातो आणि दिवसभर पोहतच असतो, त्याला सहा फुटी टॅंक लागतो. डॉमिनो डॅमसेल सुद्धा १४ सेंटीमीटरचा होतो, काळा अंगावर तीन पांढरे ठिपके असलेला एवढुसा मासा पुढे कसा होईल ते दुकानात कळत नाही.

"मासा टॅंकच्या मापाने वाढतो" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळणार. तसं होत नाही. खराब पाण्यात आणि कमी जागेत वाढ खुंटते, मासा आजारी राहतो आणि लवकर मरतो. दुसरं वाक्य, "मोठा स्किमर लावलाय, चालतंय". स्किमर म्हणजे फेस करून पाणी साफ करणारं यंत्र, तो घाण काढतो, चांगलाच काढतो, पण तो जागा वाढवत नाही, भांडणं थांबवत नाही आणि लाइट गेली की तोही बंद पडतो. आमच्याकडे मे-जूनमधे तीन चार तास लाइट जाणं नेहमीचं आहे. पाच छोटे मासे असलेला टॅंक तेवढा वेळ काढतो, अकरावाला नाही. बॅटरीवर चालणारा एअर पंप प्रत्येकाच्या घरात असलाच पाहिजे, पण तो टॅंक जास्त भरायला परवानगी म्हणून नको.

काही मासे आकाराने छोटे असतात पण तरी नवीन टॅंकमधे नकोत. मॅंडरिन हा त्यातला सगळ्यात वाईट वाटायला लावणारा. निळ्या नारिंगी नक्षीचा, शांत, कोणाशी भांडत नाही. पण तो दिवसभर खडकांवरून बारीक बारीक कोपेपॉड (जेमतेम दिसणारे जीव) टिपून खातो, दोन महिन्यांच्या टॅंकमधे ते पुरेसे नसतात, पेलेट-फ्लेकला, म्हणजे डब्यातल्या तयार खाण्याला, तो बहुतेक वेळा तोंड लावत नाही. भाच्याचा जो एक मासा गेला तो हाच. अमोनियाच्या दिवशी तो वाचला होता. मी त्याला वरून बघितलं तर डोक्याच्या मागे पाठ आत गेलेली, दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यासारखी, तो आठवडे आठवडे उपाशी होता आणि घरातल्या सगळ्यांना वाटत होतं की तो किती गुणी आहे, सतत काहीतरी टिपत असतो. पाच दिवसांनी गेला. क्लीनर रास हा मासा पण असाच, बहुतेक घरांत उपासमारीने मरतो.

निमो सुद्धा तीन ठेवायचे नाहीत. त्यांच्यात सगळ्यात मोठी ती मादी, तिच्या खालचा नर, आणि तिसऱ्याला छोट्या टॅंकमधे दोघं मिळून कोपऱ्यात दाबतात. मादी गेली तर नराचीच मादी होते, म्हणून एक जोडी पुरते, नर मादी बघून घ्यायची गरज नाही, एक मोठा आणि एक छोटा घ्यायचा. शक्यतो पैदास केलेलेच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूत मंडपम आणि केरळात विळिंजमला निमोच्या पैदाशीचं तंत्र बसवलंय, आपल्याकडे ऐरोलीला पण हॅचरी आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला निमो घ्यायचं काही कारण उरत नाही आणि पैदास केलेला पेलेट पण पहिल्या दिवसापासून खातो.

आणि एक गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही. दगडी प्रवाळ, समुद्री घोडे, समुद्री काकडी हे २००१ साली वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधे घातले गेले, म्हणजे वाघाच्या रांगेत. दुकानात कोणी काउंटरच्या खालून दाखवलं तरी घेऊ नका.

सल्ला देणाऱ्याने आधी विचारावं

आता हा भाग मला मनापासून सांगायचाय. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाने मला टॅंकचा फोटो पाठवला आणि विचारलं दादा यात यलो टॅंग चालेल का. फोटोत टॅंक चांगला चार फुटी वाटला, मी कामात होतो, "चालेल" लिहून टाकलं. तो दोन फुटी होता. फोनचा कॅमेरा जवळून घेतला की सगळं मोठं दिसतं. तो मासा तीन आठवड्यांत अंगावर पांढरे दाणे येऊन गेला, जाताना दोन निमोंना पण घेऊन गेला आणि त्या मुलाने टॅंकच विकला. माझ्या एका शब्दामुळे झालं ते. तेव्हापासून मी फोटोवरून काहीही सांगत नाही.

आधी विचारायचं. टॅंक टेपने मोजून किती बाय किती बाय किती, चालू करून किती महिने झाले, आत्ता आत कोण कोण आहे, नावं येत नसतील तर प्रत्येकाचा वेगळा फोटो पाठव, कोण कधी आणला, शेवटचा मासा कधी मेला, पाणी कधी आणि किती बदलतोस, पाणी कुठलं वापरतोस, टेस्टचे आकडे काय. पाणी कुठलं हे मुद्दाम विचारा कारण मी असे लोक बघितलेत जे दादर नाहीतर जुहूच्या किनाऱ्यावरून कॅन भरून आणतात, समुद्राचंच पाणी आहे ना म्हणून. किनाऱ्याजवळच्या त्या पाण्यात नाल्याचं काय काय आलेलं असतं आणि पावसाळ्यात खारटपणा पण पडतो.

ही उत्तरं आली की निम्मं निदान तिथेच होतं. पण उत्तरं खरी यायला हवीत, आणि ती खरी येतात का नाही ते तुमच्या पहिल्या वाक्यावर ठरतं. "अरे वेड्या एवढे मासे कोणी ठेवतं का, तू मारतोयस त्यांना" असं म्हटलं की समोरचा पुढच्या वेळी आकडा लपवतो. अकरा असतील तर सात सांगतो. नाहीतर विचारायचंच बंद करतो, आणि मासे तिथेच राहतात. मी हे बऱ्याच जाणकार लोकांना करताना बघतो, त्यांना माशांचाच कळवळा असतो हे मला माहितीये, पण त्या रागाने एकही मासा वाचत नाही. त्याऐवजी त्याने जे नीट केलंय ते आधी सांगा. भाच्याने खडक छान लावले होते, रोज तापमान वहीत लिहिलं होतं, मी तेच आधी बोललो आणि खरं म्हणूनच बोललो. मग तो स्वतःच म्हणाला, "मामा, मासे जास्त झालेत ना?"

एका वेळी एकच काम सांगा. दहा गोष्टी सांगितल्या तर नवीन माणूस त्यातली सगळ्यात सोपी करतो, म्हणजे काहीतरी बाटली विकत आणतो. आज पाणी बदल, उद्या टेस्ट कर आणि मला आकडा पाठव, रविवारी आपण बॅटफिशचं बघू, असं. तारीख घालून. आणि फक्त "नको" म्हणू नका, त्याला त्या माशात काय आवडलं ते विचारा. पिवळा रंग आवडला असेल तर पिवळी वॉचमन गोबी आहे, तिच्या सोबत पिस्टल श्रिंप ठेवलं तर श्रिंप बीळ खणतं आणि गोबी दारात पहारा देते, तासन् तास बघत बसावंसं वाटतं. पोहणारा मासा हवा असेल तर निमोची जोडी आहेच.

दुकानात जाताना काय विचारायचं ते पण लिहून द्या त्याला. हा पूर्ण वाढून केवढा होतो, कधी आलाय, काय खातो आणि माझ्यासमोर खायला घालून दाखवा. कुर्ल्याला रविवारी गेलात तर गर्दीत, रंगीत पिशव्या बघून हात आवरत नाही, मला आवरत नाही तिथे विशीतल्या मुलाचं काय घेऊन बसलात, म्हणून पहिल्या फेरीला पाकीट घरी ठेवून जायला सांगा, नावं लिहून आणायची आणि घरी येऊन वाचायचं. जो दुकानदार माशाला पेलेट घालून दाखवतो आणि तुमच्या टॅंकचं माप विचारतो त्याच्याकडेच परत परत जा, असे आहेत, आणि त्यांना चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

कोणाला काढायचं, कसं आणि कुठे द्यायचं

आधी ते जे कधीच मावणार नाहीत. भाच्याकडे बॅटफिश, डोरी, एम्परर. मग मारामारी करणारे, दोन्ही डॉमिनो आणि तिसरा निमो. एका दिवशी दोन तीनच काढा, सगळे खडक उपसून टॅंक ढवळला तर तळातली घाण वर येऊन परत पहाटेचा फोन येतो.

पकडायला जाळी घेऊन मागे लागू नका. मासा खडकात घुसतो आणि तुम्ही अर्धा तास पाणी ढवळत बसता. एक लिटरची पाण्याची बाटली घ्या, गळ्याच्या खाली कापा, तो वरचा भाग उलटा करून आत बसवा, कडा घासून गुळगुळीत करा, बाटलीला बारीक भोकं पाडा आणि आत थोडी फ्रोजन कोळंबी टाकून वाळूवर आडवी ठेवा. पहिला दिवस कोणी आत जात नाही. दुसऱ्या दिवशी भुकेला डॉमिनो पहिला जातो, तोच सगळ्यात हावरा. मोठ्या माशासाठी पाणी बदलायच्या दिवशी पाणी बादल्यांत काढत काढत तळाला तिसरा हिस्सा ठेवायचं, मग तो प्लास्टिकच्या डब्यात हळूच घेता येतो. एंजलच्या गालावर काटा असतो तो जाळीत अडकून फाटतो म्हणून डबाच. टॅंगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सुरीसारखा काटा असतो, हातात धरू नका, चांगलं खोल कापतं.

द्यायचं कुठे? जिथून घेतला त्या दुकानाला आधी विचारा, पैसे कमी देतील किंवा बदल्यात मीठ देतील, घ्या. नाहीतर सहा फुटी टॅंकवाला हौशी माणूस शोधा, पण त्याच्याकडे पण आधीच भरलेला नाही ना ते विचारा, एका घरातली गर्दी दुसऱ्या घरात नको. न्यायला झाकणाची बादली, बॅटरीचा एअर पंप, बाहेर थर्मोकोलचा खोका. भाच्याला मी सांगितलं होतं सकाळच्या लोकलच्या गर्दीत अजिबात नको, आम्ही दुपारी अडीचच्या रिकाम्या गाडीने ठाण्याला गेलो, बादली मांडीवर घेऊन. खाडीत, समुद्रात सोडून देतो असं कोणी म्हणालं तर थांबवा. हिंद आणि प्रशांत महासागरातला लायनफिश १९८५ साली फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा दिसला, घरातल्या टॅंकमधून गेलेला असावा असंच मानतात, आणि आज तो तिथल्या समुद्रात पसरून बसलाय, काढता येत नाहीये.

जो मासा घेतो त्याने त्याला थेट टॅंकमधे टाकू नये, वेगळ्या साध्या टॅंकमधे निदान चार आठवडे ठेवावं. पांढरे दाणे, म्हणजे मरीन इच, गर्दीतल्या टॅंकमधे विजेसारखा पसरतो, आणि एकदा मुख्य टॅंकमधे शिरला की सगळे मासे बाहेर काढून टॅंक अडीच महिने रिकामा ठेवावा लागतो. तांब्याचं औषध मुख्य टॅंकमधे घालू नका, श्रिंप आणि गोगलगायी मरतात.

नंतर तिसऱ्या दिवशी आणि मग दहाव्या दिवशी फोन करा, तुम्ही करा, त्याची वाट बघू नका. तिसऱ्या दिवशी भाच्याचा अमोनिया शून्य होता, नायट्राइट अजून ०.२ होता, दहाव्या दिवशी दोन्ही शून्य. नायट्रेट खाली यायला सव्वा महिना लागला, दर रविवारी १५ लिटर पाणी बदलून. आत्ता त्याच्याकडे निमोची जोडी आहे आणि दोन निळे डॅमसेल, त्यातला एक जरा दादागिरी करतोय म्हणून बाटली परत वाळूवर ठेवलीये. गोबी कधी आणायची ते आम्ही गणपतीनंतर ठरवणार आहोत.